पॅट मेथेनीचा 'ब्राइट साइझ लाइफ': पहिला अल्बम आणि सोबतीला ही दोन माणसं

परवा शेजारच्या मुलाने विचारलं, ताई जॅझ गिटार ऐकायला सुरुवात करायचीये, कुठला अल्बम घेऊ, आणि मी एका सेकंदात हे नाव सांगून मोकळी झाले. मग रात्री सगळं आवरल्यावर स्वतःच पुन्हा लावला, पूर्ण, दोनदा, आणि वाटलं की नुसतं नाव सांगून भागत नाही, नीट लिहिलं पाहिजे. कारण कव्हरवर नाव गिटारिस्टचं असलं तरी हा अल्बम घ्यायचा तो तिघांसाठी. गिटारवर पॅट मेथेनी, बेसवर जॅको पास्टोरियस आणि ड्रम्सवर बॉब मोझेस. संपलं. पियानो नाही, सॅक्सोफोन नाही, चौथं माणूसच नाही.

आधी कोरडी माहिती पटकन देते. रेकॉर्डिंग डिसेंबर १९७५, जर्मनीतल्या लुडविग्सबुर्गमध्ये टोनस्टुडिओ बावर म्हणून स्टुडिओ आहे तिथे. लेबल इसीएम, प्रोड्युसर मॅनफ्रेड आयखर, साउंड इंजिनियर मार्टिन वीलांड, आणि बाजारात आला १९७६ मध्ये. आठ ट्रॅक, सगळे मिळून साधारण ३७ मिनिटं, त्यातले सात पॅटने स्वतः लिहिलेले आणि शेवटचा सॅक्सोफोनवाल्या ऑर्नेट कोलमनच्या दोन रचना जोडून केलेला. रेकॉर्डिंगच्या वेळी पॅट २१ वर्षांचा, जॅको नुकताच २४ पूर्ण झालेला आणि मोझेस २७. ही वयं लक्षात ठेवा कारण ऐकताना अजिबात खरी वाटत नाहीत.

मी तो पहिल्यांदा घेतला सीडीवर, काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून. ते दुकान २०१६ ला बंद झालं. तिथे जॅझचा कोपरा होता आणि पुण्याहून कामाला मुंबईत गेलं की व्हीटीला गाडी पकडायच्या आधी अर्धा तास तरी मी तिथे काढायचेच. तेव्हा मला पॅट मेथेनी ठाऊक होता तो त्याच्या नंतरच्या ग्रुपमुळे, ते कीबोर्डने भरलेलं, मोठ्ठं, सिनेमासारखं संगीत, आणि मला वाटलं हेही तसलंच असणार. डेक्कन क्वीनमध्ये बसल्यावर सीडी प्लेयरला हेडफोन लावले आणि ठाणं मागे जाईपर्यंत पहिलाच ट्रॅक मी चार वेळा मागे घेऊन ऐकला होता, कारण मला कळेना की ही दुसरी गिटार कोण वाजवतंय, खालून मधूनच वर येतेय, गातेय, परत खाली जातेय. कव्हर उलटून नावं वाचली तर दुसरा गिटारिस्ट कुठेच नाही. तो बेस होता.

हे समजायला जॅकोचं वाद्य जरा सांगायला लागेल. गिटारच्या किंवा बेस गिटारच्या दांडीवर आडव्या धातूच्या पट्ट्या असतात, फ्रेट म्हणतात त्यांना, बोट कुठेही ठेवलं तरी पट्टीमुळे सूर नेमका येतो. जॅकोने आपल्या १९६२ च्या फेंडर जॅझ बेसच्या या पट्ट्या काढून टाकल्या होत्या, खाचा भरून घेतल्या आणि लाकडावर बोटींना लावतात तसलं इपॉक्सी चढवलं, म्हणजे तारांनी लाकूड झिजू नये. पट्ट्या गेल्यावर सूर लावायचा तो कानाने, व्हायोलिन किंवा सारंगीसारखा, चुकलात तर सरळ बेसूर. पण त्या बदल्यात मींड मिळते. हा माणूस बेसवर मींड घेतो हो, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो, शेवटी सूर जरासा थरथरवतो, आणि तारेला अर्धवट स्पर्श करून घंटीसारखे बारीक सूर काढतो ते वेगळेच. आता या अल्बमच्या आधी जगाला हा आवाज जवळपास माहीत नव्हता. त्याचा स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम याच सुमारास, १९७५ मध्येच रेकॉर्ड झाला आणि १९७६ ला आला, त्याच वर्षी तो वेदर रिपोर्ट या नावाजलेल्या जॅझ बँडमध्ये गेला आणि मग सगळीकडे जॅको जॅको झालं. म्हणजे डिसेंबरमध्ये त्या जर्मन स्टुडिओत बसलेला बेस प्लेयर हा फ्लोरिडा आणि बॉस्टनच्या आसपास ऐकलेल्या लोकांपुरताच प्रसिद्ध होता.

आणि मला या अल्बमबद्दल सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे, की पॅटने ही माणसं नाव बघून नाही घेतली. पहिला अल्बम म्हटल्यावर चार मोठी नावं कव्हरवर असावीत असं कुणालाही वाटेल, त्यात चूकही काही नाही, नवीन माणसाचा अल्बम दुकानात उचलला जायला तेवढं एक कारण लागतं. पण मग होतं काय की ते दिग्गज सकाळी येतात, नोटेशन समोर ठेवतात, उत्तम वाजवतात आणि संध्याकाळी जातात, आणि अल्बम व्यवस्थित होतो, नुसता व्यवस्थित. इथे तसं नाहीये. पॅट मिझुरीतल्या लीज समिट नावाच्या गावचा, घरात सगळे ट्रम्पेटवाले, आजोबा वडील भाऊ सगळे, तो स्वतःही आधी ट्रम्पेटच शिकला आणि १२ व्या वर्षी गिटारकडे वळला. (हे ऐकल्यावर त्याचं वाजवणं एकदम उलगडतं बरं का, त्याची वाक्यं श्वासाच्या लांबीची असतात, फुंकणाऱ्या माणसासारखी, मध्ये दम घेतल्यासारखी थांबतात.) मग तो मायामी युनिव्हर्सिटीत गेला आणि १८ व्या वर्षी तिथे शिकवायला लागला, आणि तिथे त्याला भेटला जॅको. जॅको फोर्ट लॉडरडेलचा, वडील ड्रमर आणि गायक, हा पण आधी ड्रम्सच वाजवायचा, फुटबॉल खेळताना मनगट दुखावलं म्हणून बेसकडे आला. तेव्हा एकाच्या वाजवण्यामागे ट्रम्पेट आणि दुसऱ्याच्या मागे ड्रम्स, हे मी नेहमी डोक्यात ठेवून ऐकते. जॅकोचा लयीचा पक्केपणा कुठून आलाय ते मग वेगळं शोधावं लागत नाही.

१९७४ मध्ये दोघांनी न्यूयॉर्कमध्ये पियानिस्ट पॉल ब्ले बरोबर एक रेकॉर्डिंगही केलं, ड्रम्सवर ब्रूस डिटमस, ते नंतर जॅकोच्या नावाने निघालं. ते मिळालं तर ऐका पण अपेक्षा बेताची ठेवून, दोघं तिथे अजून चाचपडतायत आणि पॅटचा गिटारचा आवाज तर ओळखूच येत नाही. मी मुद्दाम दोन्ही पाठोपाठ लावून बघितलं. दीड वर्षात माणूस केवढा बदलू शकतो ते कानाने कळतं.

तिसरा बॉब मोझेस. पॅट व्हायब्राफोनवाल्या (धातूच्या पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवतात ते वाद्य) गॅरी बर्टनच्या बँडमध्ये गेला तेव्हा तिथे ड्रम्सवर मोझेस होता, न्यूयॉर्कचा, साठच्या दशकापासून बर्टनबरोबर येऊन जाऊन, गिटारिस्ट लॅरी कोरियलबरोबर फ्री स्पिरिट्स या बँडमध्ये वाजवलेला, म्हणजे या तिघांत अनुभवाने थोरला. बर्टनचे अल्बम इसीएमवर निघत होते, १९७४ च्या 'रिंग' वर पॅट आणि मोझेस दोघंही आहेत, त्यामुळे इसीएमचं दार पॅटला तिथूनच उघडलं. आणि मग पॅट, जॅको, मोझेस असे तिघं बॉस्टनच्या बाजूला छोट्या छोट्या ठिकाणी एकत्र वाजवायचे. जर्मनीत पोचले तेव्हा ही गाणी त्यांच्या हातात मुरलेली होती. तो मुरलेपणा ऐकू येतो. कोण कधी श्वास घेणार हे एकमेकांना माहितेय, म्हणून मग अडवतातही बिनधास्त, मध्ये बोलतातही.

माझा आतेभाऊ तबला वाजवतो, गाण्याच्या साथीला बसतो, तीसेक वर्षं झाली. त्याला मी एकदा हा अल्बम ऐकवला, काहीही न सांगता, फक्त म्हटलं दादा ड्रमरकडे लक्ष दे. त्याने पहिला ट्रॅक पूर्ण गप्प बसून ऐकला आणि मग म्हणाला, अगं हा ठेका कुठे देतोय, हा तर मधे मधे बोलतोय. आणि थोड्या वेळाने म्हणाला, पण सम चुकत नाहीये, सगळ्यांना ठाऊक आहे सम कुठे आहे, म्हणून कुणी ती दाखवत बसलेलं नाही. याहून नेमकं मी तरी मोझेसबद्दल कुठे वाचलेलं नाही. रॉकच्या ड्रम्सची सवय असेल तर आधी वाटतं की हा वाजवतोय तरी काय, जोरात बीटच नाही. त्याचा सगळा जीव झांजांमध्ये आहे, त्या सतत चमचमत राहतात, आणि ड्रमचा ठोका तो देतो एखाद्या वाक्याखाली रेघ मारल्यासारखा. मला दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा ऐकताना कळायला लागलं की गिटार जिथे वाक्य अर्धवट सोडते तिथे बरेचदा ते पूर्ण करतो मोझेस.

आपल्याकडे साथसंगत म्हणतो ना, त्यातला संगत हा शब्द इथे जास्त खरा आहे. जॅझमध्ये बेसचं नेहमीचं काम म्हणजे खालून एकेक पाऊल टाकत चालत राहायचं, वॉकिंग म्हणतात, त्यावर बाकीचे उड्या मारतात. जॅको ते करतो, आणि फार सुंदर करतो, पण मन झालं की चालणं सोडून देतो आणि पॅटच्या शेजारी येऊन दुसरी चाल गायला लागतो. एखाद्या बावीसेक वर्षांच्या लीडरला हे खुपलं असतं, पहिलाच अल्बम, माझं नाव वर आहे, तू माझ्या सोलोत काय बोलतोस. पॅट उलट जागा देतो. मला वाटतं या अल्बमचं सगळं मोठेपण त्या जागा देण्यात आहे, तो स्वतःच्या पहिल्या अल्बमवर कितीतरी वेळा मागे सरकून उभा राहतो.

आता ट्रॅकबद्दल, सगळ्यांबद्दल सारखं नाही लिहिणार.

पहिला, अल्बमच्याच नावाचा. चाल अशी आहे की एका जागी बसतच नाही, खालच्या सुरावरून एकदम वर झेप, परत खाली, तरी गुणगुणता येते, हे कसं जमवलं कुणास ठाऊक. मी स्वतः गिटार शिकलेय, ही चाल बसवायला मला महिना लागला आणि बसल्यावरही ती माझ्या हातात जड व्हायची, पॅटच्या हातात ती हसत हसत जाते. जॅझमध्ये आधी चाल मग एकेकाने तिच्यावर विस्तार आणि शेवटी परत चाल, आपल्या बंदिशीच्या मुखड्यावर परत यावं तसं. इथे पॅटचा विस्तार झाल्यावर जॅको सुरू करतो आणि त्यात घाई नाही, दाखवेगिरी नाही, पुढच्या दहा वर्षांत लोकांना वेड लावणारा तो भन्नाट वेग पण नाही, सरळ एक गोष्ट सांगितल्यासारखं वाजवतो. मला जॅको इथला सगळ्यात जास्त आवडतो. त्याच्या पुढच्या कितीतरी प्रसिद्ध रेकॉर्डिंगपेक्षा जास्त.

दुसरा 'सिराभोर्न', संथ. इथे बेस जवळजवळ मुख्य गायक आहे असं मला वाटतं. लांबलेले सूर, त्यांची शेपटी थरथरत विझते, आणि वर पॅटची गिटार अगदी हलक्या हाताने.

'युनिटी व्हिलेज' मध्ये बाकीचे दोघं नाहीतच, पॅट स्वतःच्याच गिटारवर दुसरी गिटार चढवून स्वतःशी बोलतो. सुंदर आहे, खोटं कशाला बोलू, पण प्रत्येक वेळी मला वाटतं की हे दोघं कुठे गेले. नुकतीच मैफल रंगायला लागलेली असताना कुणी चहाला उठावं तसं होतं. कदाचित रेकॉर्डच्या एका बाजूला शेवटी असता तर जास्त बसला असता, पण हा माझा हट्ट आहे.

मग 'मिझुरी अनकॉम्प्रमाइज्ड', आणि हा लावायचा तो आवाज वाढवून. वेगवान. इथे मोझेसला मोकळं रान मिळालंय. तिघं असे धावतात की कुणीतरी आता पडणार असं वाटत राहतं आणि पडत कुणीच नाही. तो शेजारचा मुलगा जर म्हणाला की ताई जॅझ मला झोप आणणारं वाटतं तर मी हा लावणार आहे.

'मिडवेस्टर्न नाइट्स ड्रीम' हा सहा मिनिटांचा, अल्बममधला सगळ्यात लांब आणि माझ्या मते सगळ्यात खोल. पॅट इथे बारा तारांची इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. बारा तारा म्हणजे जोडीजोडीने सहा, त्यामुळे प्रत्येक सुराला सावली असल्यासारखा आवाज येतो, आपल्या तंबोऱ्याच्या जवारीची थोडी आठवण येते मला, तसा भरून राहिलेला आवाज. ताल उघडा वाघडा नाहीच जवळजवळ, मोझेस नुसता झांजांवर धुकं पसरून ठेवतो आणि त्या धुक्यातून जॅको हळूहळू बाहेर येतो. रात्री दिवे बंद करून ऐका. कामं करता करता ऐकायचा हा ट्रॅक नाही, तसा ऐकलात तर काहीच घडत नाही असं वाटेल. हीच रचना पुढे गॅरी बर्टनच्या 'पॅसेंजर्स' वर दुसऱ्या नावाने आहे, तिथे बेसवर स्टीव्ह स्वालो आणि एबरहार्ड वेबर असे दोन दोन जण आहेत आणि दोघंही मोठे कलावंत, तरी मी परत इथेच येते.

'अनक्विटी रोड' छोटा, कॉर्ड्स (एकत्र वाजणारे सुरांचे गट) भराभर बदलत जाणारा, 'ओमाहा सेलिब्रेशन' गोड, जरा गावाकडच्या सुरावटीचा. दोन्ही चांगले आहेत. पण खरं सांगायचं तर पहिल्या पाचानंतर इथे मन जरासं सैल होतं, 'ओमाहा' चा मूड पहिल्या ट्रॅकच्या फार जवळचा आहे.

ट्रॅकची नावं वाचलीत का पण? युनिटी व्हिलेज हे त्याच्या गावाला लागूनच असलेलं गाव. मिझुरी त्याचं राज्य. मिडवेस्ट तो सगळा सपाट शेतीचा पट्टा. ओमाहा वर नेब्रास्कात. आणि अनक्विटी रोड हा बॉस्टनजवळचा रस्ता, जिथे तो तेव्हा कामासाठी राहत होता तिथला. म्हणजे घर सोडून लांब गेलेल्या २१ वर्षांच्या मुलाने बसून घराकडच्या जागांवर गाणी केली आहेत. जॅझ म्हटलं की न्यूयॉर्कचा धूर भरलेला क्लब डोळ्यापुढे येतो, आणि इथे मोकळं आभाळ आहे, लांबपर्यंत सरळ जाणारा रस्ता आहे. मी मिझुरी कधी बघितलेलं नाही पण सोलापूरकडे जाताना भिगवणच्या पुढे एकदम क्षितिज लांब जातं ना, तिथे गाडीत मी हा अल्बम लावते, दर वेळी.

शेवटचा 'राउंड ट्रिप/ब्रॉडवे ब्लूज'. ऑर्नेट कोलमनच्या या दोन्ही रचना त्याच्या १९६८ मध्ये रेकॉर्ड झालेल्या 'न्यूयॉर्क इज नाउ' मधल्या. ऑर्नेट म्हणजे ठरलेल्या कॉर्ड्सचं कुंपणच काढून टाकणारा माणूस, त्याच्यावरून जॅझवाल्यांत भांडणं झालेली आहेत. सहज ऐकता येतील अशी सात गाणी केल्यावर २१ व्या वर्षी पहिल्या अल्बमचा शेवट ऑर्नेटने करायचा म्हणजे पॅटने सांगूनच टाकलं की मला गोड वाजवणारा गिटारिस्ट समजू नका. गिटार आणि बेस एकमेकांना चिकटून धावतात, मोझेस तर इथे घरी आल्यासारखा वाजवतो. पुढे दहा वर्षांनी, १९८६ मध्ये, पॅटने खुद्द ऑर्नेटबरोबर 'साँग एक्स' केला, त्याचं बी इथे दिसतं.

आवाजाच्या दर्जाबद्दल लिहायलाच हवं कारण हे विकत घेणाऱ्यासाठी महत्त्वाचं आहे. इसीएम ही म्युनिकची कंपनी, आयखरने १९६९ मध्ये काढलेली, तो स्वतः आधी डबल बेस वाजवायचा. त्यांची तेव्हाची रीत म्हणजे साधारण दोन दिवस रेकॉर्डिंग आणि एक दिवस मिक्सिंग, फार घोळवायचं नाही. आणि त्यांचा आवाज ओळखू येतो, वाद्यांभोवती हवा असते, एखाद्या रिकाम्या मोठ्या खोलीत बसून ऐकल्यासारखं. मार्टिन वीलांड हा तोच इंजिनियर ज्याने १९७५ च्याच जानेवारीत पियानिस्ट कीथ जॅरेटचा जर्मनीतल्या कोलोनचा कार्यक्रम रेकॉर्ड केला होता. या हवेचा झांजांना प्रचंड फायदा झालाय, मोझेसची एकेक झांज कुठे सुरू होते कुठे विरते सगळं ऐकू येतं. पण माझी तक्रार एक आहे, बेसचा तळ जरा पातळ आहे. जॅकोच्या स्वतःच्या पहिल्या अल्बमवर त्याच बेसला जे मांस आहे, जो पोटात जाणवणारा धक्का आहे, तो इथे कमी आहे. मोझेसचा मोठा ड्रमही मागे राहिलाय. तिघांचा अल्बम म्हणते आहे तर खालचे दोघं अजून थोडे पुढे यायला हवे होते असं मनापासून वाटतं.

त्यामुळे कृपा करून मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. खरंच सांगते, मोबाइलवर जॅकोचे खालचे सूर येतच नाहीत, म्हणजे अर्धा अल्बम गेला. साधे वायरचे हेडफोन पण चालतील, महाग काही लागत नाही, फक्त कानात नीट बसणारे असू देत.

कशावर घ्यायचा? इसीएमचा कॅटलॉग नोव्हेंबर २०१७ पर्यंत स्ट्रीमिंगवर नव्हता, आता आहे, त्यामुळे आधी तिथे ऐका. आवडला तर सीडी घ्या, माझी इतक्या वर्षांनी अजून धडधाकट आहे आणि मला तिचा आवाज पुरेसा वाटतो. रेकॉर्डचा हट्ट असेल तर कॅटलॉग नंबर १०७३ बघून घ्या. मी मागच्या वर्षी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून रेकॉर्ड मागवली, नवीनच्या किमतीत, तर कोपरा दुमडलेला आणि आतल्या कागदी पिशवीवर ओलीचा डाग, बदलून मागितली तर तीन आठवडे नुसते मेल, शेवटी पैसे परत दिले पण रेकॉर्ड नाहीच मिळाली. तेव्हा फोटो मागून, पॅकिंग कसं करणार ते विचारून मगच पैसे भरा, अमेरिका युरोपातून येत असेल तर कस्टम्स धरून हिशोब करा. आणि ३७ मिनिटांच्या अल्बमला तेवढे पैसे द्यायचे का हा प्रश्न येणारच, मला विचाराल तर सीडीला हो, रेकॉर्डला ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे.

कुणासाठी नाही हेही सांगते. ज्यांना गिटार म्हणजे वेग आणि डिस्टॉर्शन हवंय त्यांना हा मऊ वाटेल. गाणारा आवाज नसला की ज्यांचं मन लागत नाही त्यांनी पण आधी फक्त पहिला आणि चौथा ट्रॅक ऐकावा. आणि जे गिटार शिकतायत त्यांनी घ्याच, पण सूर उतरवून काढायच्या आधी एकदा पूर्ण अल्बम फक्त बेसकडे कान लावून ऐका आणि एकदा फक्त झांजांकडे. मी हे फार उशिरा केलं. कितीतरी वर्षं मी पॅटचीच बोटं शोधत बसले होते.

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपून ठेवायच्या रेकॉर्डिंगच्या यादीत, नॅशनल रेकॉर्डिंग रजिस्ट्रीत, २०२१ मध्ये याचं नाव जाहीर केलं. छान वाटलं वाचून. पण माझ्यासाठी याची किंमत वेगळ्या कारणाने आहे, या तिघांचा मिळून स्टुडिओतला अल्बम हा एवढाच. रेकॉर्डिंगच्या पुढच्याच वर्षी जॅको वेदर रिपोर्टमध्ये गेला, पॅटने पुढचा अल्बम लाइल मेझ, एबरहार्ड वेबर आणि डॅनी गॉटलिबबरोबर केला आणि त्याचा स्वतःचा ग्रुप उभा राहिला, मोझेसने आपलीच वेगळी मोठी बँडं घेऊन काम केलं. पॅट आणि जॅको १९७९ मध्ये गायिका जोनी मिचेलच्या टूरवर परत एकत्र आले, त्याचं लाइव्ह रेकॉर्डिंग आहे, ऐका, पण तिथे ते दोघं तिच्या गाण्यांच्या सेवेत आहेत आणि ते बरोबरच आहे. जॅकोचं पुढे मन आजारी झालं, दारू, रस्त्यावर राहणं, १९८६ ला त्याचा तो बिनपट्ट्यांचा बेस चोरीला गेला, आणि सप्टेंबर १९८७ मध्ये फ्लोरिडात एका क्लबबाहेर झालेल्या मारहाणीनंतर तो गेला. वय ३५.

हे माहीत असताना 'सिराभोर्न' ऐकणं वेगळं होतं. माझं तरी होतं.

पाचपैकी साडेचार, अर्धा कमी तो बेसच्या त्या पातळ तळासाठी. त्या मुलाला मी माझी सीडी ऐकायला दिलीये, त्याच्याकडे प्लेयर नाहीये तर प्लेयरसकट दिलाय, आणि सांगितलंय की रविवारपर्यंत ठेव, फक्त चौथ्या ट्रॅकला आवाज वाढव आणि पाचव्याला दिवा बंद कर.